माझ्या हातचा अर्ज

गावात अर्ज लिहायचं काम माझ्याकडं असतं. १९७६ साली दहावी झालो. पुढं शिकायला नाशिकला जायचं मनात होतं, पण वडलांनी कासरा हातात दिला आणि शाळा तिथंच सुटली. अक्षर मात्र वळणदार राहिलं. त्यामुळं डीपी जळाली, रेशन आलं नाही, रस्त्याची खडी वाहून गेली, की लोक कागद घेऊन ओट्यावर येऊन बसतात. ‘नाना, असा लिहा की साहेबाला घाम फुटला पाहिजे.’ मी लिहितो. आजवर शेकड्यानं लिहिले असतील. बरेचसे फायलीत झोपले, काहींनी कामं झाली. एका अर्जाचं ओझं मात्र अजून डोक्यावर आहे. तो मी आमच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरविरुद्ध लिहिला होता.

आमचं गाव कादवेच्या काठी. प्राथमिक आरोग्य केंद्र असं पाटीवर लिहिलंय, पण लोक सरकारी दवाखानाच म्हणतात. सपाटीच्या भागात तीस हजार लोकांमागं एक आणि आदिवासी, डोंगरी भागात वीस हजारांमागं एक, असा या केंद्रांचा हिशोब. म्हणजे आमच्या खालच्या अंगाला निफाडकडं एक हिशोब आणि वर पेठ-सुरगाण्याकडं दुसरा. इंग्रजांच्या शेवटच्या काळात भोर समिती नेमली होती, तिनं १९४६ साली अहवाल दिला, त्यातून ही कल्पना निघाली. १९५२ पासून केंद्रं उभी राहू लागली. आपल्याकडं १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या आणि हे दवाखाने त्यांच्याकडं गेले. तेव्हापासून तिथल्या डॉक्टरला धनी फार. पगार राज्याचा, ताबा जिल्हा परिषदेचा, कार्यक्रम दिल्लीचे, आणि तक्रार करायला आख्खं गाव.

मी पंचविशीच्या आत असताना आमच्याकडं एक डॉक्टर होते. दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्येच बायको-पोरांसह राहायचे. संध्याकाळी फिरायला म्हणून निघायचे आणि कुणाच्या तरी मळ्यात बसलेले दिसायचे. कोण किती पितो, कुणाची सून वाळत चाललीय, कुणाच्या घरात खोकला हटत नाही, सगळं त्यांना ठाऊक. एका वर्षी पहिल्या पावसानंतर गावात हगवण-उलट्यांची साथ आली. दोन दिवसांत वीसेक माणसं आडवी. डॉक्टर घरोघर गेले, पाणी कुठलं भरता एवढंच विचारत होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी वेशीजवळच्या विहिरीभोवती बाभळीच्या काट्या टाकायला लावल्या आणि शिपायाला तिथं काठी घेऊन बसवलं. सरपंच तणतणत आले, विहीर ग्रामपंचायतीची, तुम्ही कोण बंद करणारे? डॉक्टर म्हणाले, ‘विहीर तुमची, आजारी माणसं माझी. आठ दिवसांनी भांडू.’ टीसीएल पावडर टाकली, बायकांना जमवून मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण शिकवलं. साथ हटली. भांडण झालंच नाही. त्यांनी त्यासाठी वर कुणाला विचारलं होतं का, कुणास ठाऊक. विचारलं असतं तर कागद येईपर्यंत आमची दोन-चार माणसं तरी गेली असती.

आता जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. त्याच डॉक्टरांना दर वर्षी मार्चच्या आत कुटुंब नियोजनाच्या केसेस भरायच्या असायच्या. आणीबाणीत काय झालं ते आमच्या पिढीनं पाहिलंय, जीपचा आवाज आला की माणसं उसात शिरायची. नंतर सक्ती गेली तरी आकडा राहिला. मास्तर, ग्रामसेवक, डॉक्टर, सगळे त्या आकड्यामागं पळायचे. १९९६ ला सरकारनं तो वरून ठरवून द्यायचा आकडा कागदावर तरी काढला. फेब्रुवारी उजाडला की आमचे डॉक्टर वेगळेच दिसायचे, चिडचिडे, कुणाकडं न बघणारे. तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. आणि त्यांच्याआधीचे एक महाशय तर आठवड्यातून एकदा यायचे, सह्या ठोकायचे आणि तालुक्याला स्वतःचा दवाखाना चालवायचे. त्यांनाही कुणी विचारणारं नव्हतं. म्हणून तर हजेरी, फोटो, रजिस्टर हे सगळं आलं. ते उगाच आलं नाही.

आता त्या अर्जाकडं येतो.

२०१८ च्या उन्हाळ्यात आमच्याकडं नवे डॉक्टर आले. सव्वीस-सत्तावीस वर्षांचा पोरगाच. बाप मराठवाड्यात कोरडवाहू शेतकरी. तेव्हा सरकारी कॉलेजातून एमबीबीएस झालं की वर्षभर सरकारी सेवा करावी लागायची, नाही केली तर दहा लाख दंड असायचा. त्या बॉण्डवर आलेला. केंद्रात दोन डॉक्टरांच्या जागा, त्यातली एक कायम रिकामी. म्हणजे दिवस त्याचा आणि रात्रही त्याचीच.

जुलैत आमच्या गल्लीतला एक जण सोयाबीन निंदताना घोणसानं धरला. पोरांनी मोटरसायकलवर मधे बसवून दवाखान्यात नेला. मीही गेलो. डॉक्टरनं काचेच्या नळीत त्याचं रक्त घेतलं आणि नळी टेबलावर उभी करून ठेवली. म्हणाला, वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही. आम्हाला राग आला. माणूस तळमळतोय आणि हा घड्याळ बघतोय. वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलंच नव्हतं. घोणसाचं विष रक्त गोठू देत नाही, त्याची ती परीक्षा होती, हे मला पुढं कळलं. मग त्यानं फ्रिजमधून सर्पविषावरच्या लसीच्या दहा बाटल्या काढल्या, सलाईनमधून सुरू केल्या. दहा मिनिटांत त्या माणसाच्या अंगावर गांधी उठल्या, हुडहुडी भरली, श्वास लागला. बायको छाती पिटायला लागली. पोरं ओरडली, चुकीचं इंजेक्शन दिलं! कुणीतरी खुर्ची फेकली. डॉक्टरनं सलाईन थांबवलं, मांडीत दुसरं इंजेक्शन दिलं, माणूस शांत झाल्यावर सलाईन परत हळूहळू सुरू केलं आणि मग १०८ बोलावून त्यात स्वतः बसून नाशिकला घेऊन गेला. तो माणूस चौथ्या दिवशी चालत घरी आला.

माणूस घरी आला तरी गाव शांत झालं नव्हतं. ‘नाना, लिहा. गरिबाच्या जिवावर शिकतात हे लोक.’ मी लिहिलं. सदर वैद्यकीय अधिकाऱ्याने चुकीचे इंजेक्शन देऊन रुग्णाच्या जिवाशी खेळ केला, तरी त्यांच्यावर कडक कारवाई व्हावी. खाली चाळीस सह्या. एक प्रत तालुक्याला, एक जिल्हा परिषदेला, एक कलेक्टरसाहेबांना. वाक्यं चांगली जमली होती, मला आठवतं, मी ती मोठ्यानं वाचूनही दाखवली. डॉक्टरला विचारायला मात्र कुणी गेलं नाही, मीही नाही. लस घोड्याच्या रक्तापासून करतात, ती काहींच्या अंगावर अशी उठते, त्यावर काय करायचं हे डॉक्टरला शिकवलेलं असतं आणि त्यानं ते बरोबर केलं होतं. त्याला विचारलं असतं तर पाच मिनिटांत समजलं असतं.

ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटणीचे दिवस. पहाटे अंधारात धाकटा भाऊ मोटर चालू करायला गेला आणि बांधावर त्याला चावलं. बॅटरीच्या उजेडात त्यानंच पाहिलं, घोणस. पंधरा मिनिटांत आम्ही दवाखान्यात. डॉक्टर जागाच होता. त्यानं जखम पाहिली, नाडी पाहिली, फ्रिजपाशी गेला, थोडा थांबला, परत आला. कागदावर लिहिलं आणि म्हणाला, ‘नाशिकला न्या. रेफर करतोय.’

‘अहो, लस आहे ना तुमच्याकडं?’

‘इथं दुसरा डॉक्टर नाही, काका. रिॲक्शन आली तर सांभाळणं अवघड. वरिष्ठ रुग्णालयात न्या.’

१०८ दुसरीकडं गेलेली होती. गाडी मिळवून, चाळीस किलोमीटर जाऊन, केसपेपर काढून लस सुरू व्हायला अडीच तास गेले. तोवर हिरड्यांतून रक्त यायला लागलं होतं. मग लघवी बंद झाली. तीन आठवडे डायलिसिस. भाऊ वाचला, पण दिवाळी आमची दवाखान्याच्या व्हरांड्यात गेली. तिथं रात्री बसून बसून एक गोष्ट माझ्या ध्यानात आली आणि ती मी बरेच दिवस घरातसुद्धा बोललो नाही. जुलैत गल्लीतल्या माणसाला लस इथंच मिळाली, तो चार दिवसांत घरी आला. ऑक्टोबरात माझ्या भावाला ती मिळाली नाही. दवाखाना तोच, डॉक्टर तोच, बाटल्या त्याच फ्रिजमध्ये. मधे फक्त माझा अर्ज होता.

डिसेंबरात भावाला घरी आणल्यावर मी त्या डॉक्टरकडं गेलो. भांडायला गेलो की माफी मागायला, माझं मलाच ठरत नव्हतं. दुपारची ओपीडी संपलेली. तो कॉम्प्युटरपुढं बसलेला, शेजारी रजिस्टरांची चळत. सिस्टरनं चहा आणला. बराच वेळ कुणी बोललं नाही. मग तोच म्हणाला, ‘काका, तुमच्या भावाच्या वेळी मी फ्रिजच्या दारापर्यंत गेलो होतो.’

‘मी पाहिलं.’

‘तुमच्या अर्जावर मला कारणे दाखवा नोटीस आली. उत्तर दिलं, पुस्तकातली पानं जोडली. कारवाई काही झाली नाही. पण वरून तोंडी सांगितलं, कशाला अंगावर घेता, रेफर करत चला. रेफर केल्यावर कुणी विचारत नाही. रुग्ण रस्त्यात गेला तरी माझा कागद बरोबर असतो.’

मी म्हणालो, ‘तो अर्ज माझ्या हातचा होता.’

‘अक्षर ओळखलं मी. रुग्ण कल्याण समितीच्या वहीतही तुमचंच आहे.’

तो रागावला असता तर बरं वाटलं असतं. पण त्याच्या आवाजात राग नव्हता, काहीच नव्हतं. मग त्यानं मला त्याचा दिवस सांगितला. सकाळी अंगठा. नऊ ते एक शंभर-सव्वाशे पेशंट, एकेकाला दोन मिनिटं येत नाहीत. त्यात व्हीसी लागली की उठायचं. गरोदर बायांची माहिती एका पोर्टलवर, महिन्याचा अहवाल दुसऱ्या, क्षयरोग्यांची नोंद तिसऱ्या, प्रत्येकाचा पासवर्ड निराळा. साहेबाचा फोन येतो तो आकड्यासाठी. अमक्या कामात आपलं केंद्र तालुक्यात शेवटून दुसरं का? ‘सहा महिन्यांत एकाही साहेबानं मला पेशंटबद्दल विचारलं नाही, काका. कुणाला काय झालं होतं, तुम्ही काय केलंत, असं एकदाही नाही.’

त्याची एक इच्छा होती. छाटणीला पेठ-सुरगाण्याकडून मजूर येतात, ते मळ्यांच्या कडेला ताडपत्रीखाली राहतात. त्यांच्या बाया, लेकरं दिवसा दवाखान्यात येऊ शकत नाहीत, रोज बुडतो. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्या वस्तीवर बसून तपासायचं, असं त्यानं योजलं होतं. औषधं केंद्रातलीच, वेळ त्याची स्वतःची. परवानगीसाठी लिहिलं. उत्तर आलं की असा उपक्रम मंजूर आराखड्यात नाही, आणि केंद्र सोडून गेल्यास मुख्यालयी अनुपस्थित धरलं जाईल. ‘मग मी ठरवलं,’ तो म्हणाला, ‘सांगितलं तेवढं करायचं. मे महिन्यापर्यंत दिवस मोजायचे.’

घरी येताना मला माझी बाग आठवली. मी १९९० ला द्राक्ष लावलं. सुरुवातीला रोज सकाळी पानं उलटी करून बघायचो. भुरी कुठं आलीय, घडात पाणी कुठं राहतं, कुठल्या ओळीला खत कमी पडलंय, सगळं डोळ्यांना कळायचं. मग एक्स्पोर्ट आलं. २०१० साली युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षात लिहोसिनचा अंश सापडला, कंटेनर अडकले, शेतकरी-व्यापारी सगळेच झोपले. त्यानंतर तक्ते कडक झाले. कोणतं औषध, किती मिली, काढणीआधी किती दिवस, सगळं छापील. ते चुकीचं होतं असं मी म्हणत नाही, विष कुणाच्याच पोटात जाऊ नये. पण पुढंपुढं काय झालं, की कंपनीचा पोरगा मोबाईलवर फोटो मागतो, मी फोटो पाठवतो, तो औषध सांगतो, मी मारतो, वहीत लिहितो. एका वर्षी माझ्या लक्षात आलं, की हंगाम संपत आला तरी मी एकदाही पान उलटं करून बघितलेलं नाही. वही मात्र अगदी चोख. मणी किती मिलिमीटरचा ते मला पाठ होतं आणि गोडी कशी आहे ते माहीत नव्हतं, कारण एक मणी तोंडात टाकला नव्हता. बाग माझी, कर्ज माझं, गारपीट झाली तर रडायचं मी. फक्त ठरवणारा मी राहिलो नव्हतो. आणि ज्यात आपण काही ठरवत नाही त्यातून मन कधी निघून जातं ते कळतसुद्धा नाही. त्या डॉक्टरच्या आवाजात मला तेच ऐकू आलं होतं.

पुढं मी डॉ. हिंमतराव बावस्करांचं लिखाण वाचलं. जालना जिल्ह्यातल्या खेड्यातला, गरीब शेतकऱ्याघरचा माणूस. १९७६ मध्ये, म्हणजे मी दहावी झालो त्याच साली, महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर म्हणून लागला. कोकणात लाल विंचू फार. धडधाकट माणसं, लेकरं विंचवानं मरायची, छातीत पाणी होऊन. पुस्तकात इलाज नव्हता. हा माणूस रुग्णाच्या उशाशी रात्र रात्र बसायचा. नाडी, रक्तदाब, घाम, श्वास, जे दिसेल ते लिहून काढायचा. त्यातून त्याचं लिखाण १९८२ मध्ये इंग्लंडच्या ‘लॅन्सेट’ साप्ताहिकात आलं. पुढं त्यानं रक्तदाबावरची प्राझोसिन नावाची साधी गोळी या विषावर चालवून दाखवली. जिथं अत्यवस्थ झालेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावत होते तिथं एखादाच दगावू लागला. २०२२ ला त्यांना पद्मश्री मिळाली.

मी हे वाचलं आणि पुस्तक मिटून बसून राहिलो. बिरवाडीला काय होतं? मशिनं नव्हती, बडे डॉक्टर नव्हते. एक माणूस होता आणि समोरचा रुग्ण आपला आहे असं त्याला वाटत होतं. आमच्या पोरालाही ते वाटत होतं. नळीतल्या रक्ताकडं वीस मिनिटं बघत बसला, १०८ मध्ये स्वतः बसून नाशिकला गेला, तेव्हा वाटतच होतं. सगळेच बावस्कर होत नाहीत, हे खरं. पण जो थोडासा होऊ बघत होता त्याला साहेबांनी आकड्यांनी आणि आम्ही खुर्ची फेकून, अर्ज लिहून जागेवर बसवला. नाशिकला म्हसरूळला १९९८ पासून आख्ख्या राज्याचं आरोग्य विद्यापीठ आहे. तिथल्या परीक्षा देऊन दर वर्षी पोरं डॉक्टर होतात. त्यांना रोग शिकवतात, औषधं शिकवतात. गावानं डॉक्टरशी कसं वागावं हे मात्र आम्हाला कुणी शिकवलं नाही.

जानेवारीत मी आणखी एक अर्ज लिहिला. जुलैमधील माझी तक्रार गैरसमजातून होती, सदर डॉक्टरांनी दिलेला उपचार योग्य होता, त्यामुळे सदर रुग्णाचा जीव वाचला, तरी माझा अर्ज मागे घेण्यात यावा. सह्यांसाठी घरोघर हिंडलो. पहिल्या अर्जावर चाळीस होत्या, या अर्जावर अकरा झाल्या. त्यातली एक त्या जुलैतल्या माणसाच्या बायकोची, अंगठा. दोन महिन्यांनी उत्तर आलं, की सदर प्रकरण यापूर्वीच निकाली काढण्यात आले आहे. तो कागद मी डॉक्टरला दाखवला. तो पहिल्यांदा हसला.

रुग्ण कल्याण समितीच्या बैठकीत मी मजुरांच्या वस्तीचा विषय काढला. चर्चा झाली, कुणी हो म्हणालं नाही, कुणी नाही म्हणालं नाही. शेवटी आम्ही दोघांनी साधी वाट काढली. मजुरांच्या मुकादमाला सांगून बुधवारी संध्याकाळी बायका-लेकरांना मीच माझ्या पिकअपमध्ये घालून दवाखान्यात आणायचो. डॉक्टर मुख्यालयीच हजर, आराखडाही मोडला नाही. बागेचं काम संपेपर्यंत सहा बुधवार झाले. त्यात एका बाईचा क्षय सापडला. त्या दिवशी डॉक्टरनं रात्री साडेनऊला मला फोन करून तो सांगितला, जसं काही त्याच्या घरी काही चांगलं घडलं होतं.

मे महिन्यात बॉण्ड संपला, तो गेला. पुढं शिकायला मोठ्या शहरात. आम्ही त्याला थांब म्हणू शकलो नाही, कुठल्या तोंडानं म्हणणार? नंतर चार डॉक्टर आले-गेले. अर्ज लिहायला लोक अजून येतात. दवाखान्याविरुद्ध असला तर मी म्हणतो, आधी चल, तासभर त्या बाकावर बसू, मग लिहू. काही जण बसतात. काही दुसऱ्याकडून लिहून घेतात. बाकावर बसूनही दोनदा लिहावा लागला, नाही असं नाही.

त्या डॉक्टरचा दर दिवाळीला मेसेज येतो. शुभेच्छा वगैरे नाही. ‘काका, भावाचं क्रिएटिनीन किती?’ एवढंच. मी रिपोर्ट बघून आकडा कळवतो. गेल्या दिवाळीला १.४ होतं.